पावतीपुस्तक क्रमांक दोन

पहिलं पुस्तक उंदरांनी खाल्लं,
म्हणून हिशोब दुसऱ्यापासून सुरू.
खजिनदार मी, परशराम कंग्राळकर,
मागावर तेहतीस वर्षं, आता डावा कान बंद.

बागेतल्या क्रीडांगणाचं एस्टिमेट अकरा लाख साठ हजार.
निम्मे महापालिका देणार, निम्मे वडगावनं उभे करायचे,
असं इंजिनिअर मॅडम म्हणाल्या कन्नडमध्ये,
मग आमचे चेहरे बघून मराठीत,
मग नुसतं बोटांवर.

पाच लाख ऐंशी हजार.
आमच्या गल्लीनं एवढा आकडा
फक्त लग्नातल्या भांडणात ऐकलेला.

पावती एक. शांतव्वा मुगळी, एक्कावन्न रुपये.
"मला नातू नाही गा,
पण खिडकीतनं झोका दिसू दे."

पावती सात. मैनुद्दीन बागवान, दोनशे,
आणि वर एक फणस.
फणसाची पावती कशी फाडायची?
फाडली. रक्कम : नग एक.
लिलावात त्याचे साडेसहाशे आले.

पावती एकोणतीस रद्द.
त्याला घसरगुंडीवर वडिलांचं नाव पाहिजे होतं,
दोन्ही बाजूंनी.

चाळीस ते त्रेसष्ट मागावरच्या बायका,
साडीमागं दोन रुपये, सहा महिने.
नाव नको म्हणाल्या.
मग मी आकड्याशेजारी पेनानं काठ काढला,
प्रत्येकीचा वेगळा, मला ओळखता येतो.

सी-सॉचा खांब उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं फुकट ओतून दिला.
साच्याची रेघ राहिलीय, घासून घ्या म्हणाले.
घासायचं राहून गेलं.
आता नंबर येईपर्यंत पोरं त्या रेघेवर बोट फिरवत बसतात.

नकाशात घसरगुंडीचं तोंड मावळतीला होतं.
पत्र्याची घसरगुंडी, चार वाजताचं ऊन.
आम्ही नऊ जणांनी नकाशा बघितला,
नऊ जणांनी सह्या केल्या.
चौगुल्यांच्या कस्तुरीनं स्टीलचं ताट
दुपारभर कट्ट्यावर ठेवलं
आणि मॅडम आल्यावर पुढं केलं :
"ह्याच्यावर बसून दाखवा की."
मॅडमनी तळवा टेकला, उचलला,
आणि पेन्सिलीनं अख्खी घसरगुंडी
उत्तरेकडं वळवली.
नवा शिक्का नाही, नवा ठराव नाही.

मग फळ्याची मीटिंग.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
उंची किती इंच, रंग कुठला.
साडेतीन तास. चहा दोनदा.
दोघं उठून गेले,
एकजण परत आला, छत्री विसरली म्हणून,
आणि उभ्यानंच पुन्हा भांडला.
बाहेर चिंचेच्या फांदीला दोरी टाकून
पोरं झुलत होती.
एक म्हणत होतं झोका, एक जोकाली.
त्यांचंही भांडण चाललेलं,
पण नंबर कुणाचा ह्यावरनं.
डावा कान बंद असला की
उजव्या बाजूचं फार स्वच्छ ऐकू येतं.

मार्चात शेवटचा हिशोब मी उभं राहून वाचला.
"फळ्यासाठी शिल्लक नाही."
ते खोटं होतं.
शिल्लक होती चार हजार तीनशे सत्तर.
एस्टिमेटात झोक्याखाली काँक्रीट होतं,
मी त्याच्यावर एक ट्रॅक्टर वाळू टाकून घेतली,
रात्री, ड्रायव्हरला वर पन्नास देऊन.
ते पन्नास माझे.
वाळूची पावती आहे, शेवटून दुसरी.
कुणी विचारलं तर दाखवीन.
कुणी विचारलेलं नाही.

फळ्याचे दोन खांब तेवढे उभे आहेत,
मधे काही नाही.
पोरं त्यांना गोलपोस्ट म्हणतात.

काल शांतव्वा खिडकीतनं ओरडली,
झोका करकरतोय, झोप लागेना,
तेल घाला वो खजिनदार.
तेल साठ रुपये.
पुस्तक संपलंय.
नवीन आणायचं तर छापखान्याला
मथळा कुठल्या भाषेत सांगायचा,
ह्यासाठी मीटिंग लागेल.

तेल मी घालून आलो.